न धुतलेले सहा शर्ट

१२ मार्च, दुपार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. जिना चढताना तुझ्या सासऱ्यांचा गुडघा कुरकुरतो आणि उतरताना ते स्वतः कुरकुरतात, बाकी ठीक.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. घर सोडून गेल्यापासून आठ महिन्यांतलं हे पहिलंच, आणि त्यात काय, तर स्वयंपाकघरातल्या फडक्यांना कुबट वास येतो, काय करू? मी ते तीनदा वाचलं. 'तुम्ही कशा आहात' एवढं कुठे सापडतंय का बघत होते. नव्हतं. पण विचारलंस ते मलाच, तेवढ्यावर माझा दिवस गेला.

तर ऐक. ओल्या फडक्याचा बोळा करून ओट्यावर टाकू नकोस, वास तिथेच धरतो. काम झालं की पिळून, झटकून, दोरीवर मोकळं वाळत घाल. आठवड्यातून एकदा मोठ्या पातेल्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून वीस मिनिटं उकळ, मग कडक ऊन दे. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी घालू नकोस, त्याने फडकं पाणी टिपत नाही. ओट्याचं फडकं वेगळं, भांड्यांचं वेगळं. तुझ्या सासऱ्यांना हे उभ्या जन्मात जमलेलं नाही, कालच त्यांनी गॅस पुसला आणि त्याच फडक्याने ताटं पुसली. आणि कंटाळून कागदी रुमाल मात्र आणू नकोस. पुसायचं नि फेकायचं, मला बघवत नाही.

तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढली मी. चादर विरली की तिची फडकी करायची, पण उकळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिथला नियम. तो अंगात इतका भिनला की घरी तरी जरा थांबून विचार करावा, हे सुचलंच नाही.

बघ, फडक्यांवरून मी कुठे आले. यायचं तिथेच होतं.

माझा लेक जाऊन चार महिने झाले होते. त्याचे सहा शर्ट कपाटात तसेच टांगलेले. तू कपाटाचं दार उघडून उभी राहायचीस आणि मला वाटायचं, ही पोर अशाने झुरून जाईल. शिवाय, खरं सांगते, मलाही तो रोजच्या कामात हाताशी हवा होता. तू कामावर गेलीस आणि मी शर्ट काढले. उकळले, कापले, कडा शिवल्या. संध्याकाळी तू आलीस तेव्हा दोरीवर चोवीस फडकी वाळत होती आणि तू काय म्हणतेस याची वाट बघत मी शेजारी उभी.

तू एवढंच म्हणालीस, "आई, ते मी धुतले नव्हते."

मला वाटलं, धुवायचे राहून गेले म्हणून ओशाळलीस. मी म्हटलं, "असू दे गं, मी धुतले ना."

दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो महिन्याने. त्याची फार आठवण आली म्हणून त्यातल्या एका फडक्यात तोंड खुपसलं, तर नुसता सोड्याचा वास. तू चार महिने जे जपलंस ते मी वीस मिनिटांत घालवलं होतं.

तरी लिहिलं नाही. माझा हेतू चांगला होता, असं ज्याला त्याला सांगत बसले. त्या हेतूचं आता काय लोणचं घालायचंय? चूक माझी होती, पोरी. मला माफ कर.

तो परत येणार नाही, हे मी कसंबसं पचवलंय. पण तू तर आहेस. बसने तीन तासांवर आहेस, आणि घरात नाहीस, हे काही केल्या पचत नाही. ये. रागावलेली असलीस तर तशीच ये, मनात साठलेलं सगळं मला तोंडावर बोल, मी मधे तोंड उघडणार नाही.

तुझी,
अजून म्हणणार असलीस तर, आई