पोर्चमधले लाल डाग

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. संपदा हीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आपली गाडी बिघडल्याचं कळल्यावर सगळ्यांत आधी आली ती शेजारची मंगलाबाई, आणि तीही मागच्या दाराने. हातात वाटी, वाटीत लापशी. मी तिला म्हटलं, अगं, आजारी माणूस नाही, गाडी आहे. तर म्हणे लापशी सरांसाठी, म्हणजे तुझ्या आजोबांसाठी, त्यांचा चेहरा बघवत नाही. मागच्या दाराने का, ते पुढे सांगते. आधी गाडीचं.

तिच्या मागोमाग हिरामण आला. पाथर्डी फाट्याला त्याचं गॅरेज आहे ना, तोच. आजोबांचा आयटीआयचा विद्यार्थी. आता पोट सुटलंय, केस पिकलेत, पण आजोबांपुढे अजून हात मागे बांधून उभा राहतो. आणि शेवटी काळू भंगारवाला. तो मेला मुलगी बघायला आल्यासारखा गाडीभोवती फिरला, दारं उघडून बघितली, टायरवर टिचकी मारली. मला असा राग आला! चहा दिला, पण साखर कमीच घातली.

झालं असं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं तुझ्या आशाआजीकडे इगतपुरीला निघालो होतो. विल्होळीच्या चढावर गाडीचं इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची पुढे सरकेना. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही की खालची मोटर नुसतीच फिरते, अगदी तसं. मला कानाने कुठे ऐकू येतंय, पण पाठीला कळलं. सीटमधून थरथर यायची, मग एक धक्का, मग परत थरथर. तसेच हळूहळू मागे वळलो. तेव्हापासून गाडी पोर्चमध्येच उभी आहे. गिअरचा दांडा डी वर टाकला की पुढे जायच्या आधी ती जरा विचार करते. तुझे आजोबा हाक मारल्यावर लगेच ओ देतात का? तसंच.

आजोबा रोज सकाळी पूजा झाली की बॉनेट उघडून गिअरच्या तेलाची पट्टी काढतात, पुसतात, परत घालून बघतात. तेल रोज पूर्ण भरलेलं. म्हणून हिरामणनेही मान हलवली. सर, तेल पूर्ण आहे म्हणजे गिअरबॉक्सच आतून गेला, सोळा वर्षांच्या गाडीचा आता कोण उघडत बसणार, असं म्हणाला. काळू ३१ तारखेला, शुक्रवारी, गाडी न्यायला येणार आहे.

तुला म्हणून सांगते, मला गाडीची फिकीर नाही. आजोबांचा डावा गुडघा वाकत नाही, क्लचची गाडी त्यांना जमायची नाही. या ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नाही. गाडीत बसले की काठी मागच्या सीटवर टाकून देतात, आणि मग वीस वर्षांनी तरुण दिसतात बघ. आता काठी हातात घेऊन फाटकापर्यंत जातात, परत येतात. जेवताना बोलत नाहीत. ही गेली की ते घरातच बसतील, आणि घरात बसले की मला दिसतंय पुढचं.

आणि मागच्या दाराचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर रोज पहाटे मी पोर्च धुवायला गेले की भिंतीला लागून, गाडीच्या पुढच्या चाकापाशी, लाल डाग. भिंतीपलीकडे मंगलाबाईचे यजमान, रावजी भाऊजी. त्यांची तंबाखू-पानाची सवय अख्ख्या गल्लीला माहीत. एकदा धुतलं, दहादा धुतलं, मग एक दिवस दूधवाल्यासमोर भिंतीवरून सांगितलं की थुंकायचं तर आपल्या बाजूला थुंका. तसेच आत निघून गेले. मंगलाबाई म्हणते त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलंय. सुटतं का असं कुणाचं? तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला आले नाहीत, आणि मंगलाबाई त्यांना कळू नये म्हणून मागच्या दाराने येते. आजोबा अजून दोन खुर्च्या मांडतात.

थंडी खूप आहे. तुझ्या होसूरला आहे का? फोन करू नकोस, कानातलं यंत्र शिट्टी मारतं. चौथीपर्यंत शिकले त्याचं सोनं तुझ्या पत्रांनी झालं. माया आहे तशी ठेव.

तुझी आजी,
अनसूया

•

होसूर
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ती. सौ. आजीस संपदाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की हॉस्टेलवरची पायल विचारायला आली. तिला मिक्सरचं वाक्य हिंदीत करून सांगितलं. ती म्हणाली आमच्या गाड्यांच्या टेस्टिंगच्या रिपोर्टात असं एक वाक्य असतं तर वाचायला बरं वाटलं असतं.

आजी, गाडी इतक्यात काळूला द्यायची नाही. मला काही गोष्टी कळायला हव्यात, आणि त्या तूच बघू शकतेस. आजोबांना माझा नमस्कार सांग आणि सांग की मला तेलाच्या दोन नोंदी हव्यात, तक्त्यात लिहून. एक, इंजिन बंद असताना. दुसरी, इंजिन चालू असताना: वीस मिनिटं चालवून गरम केल्यावर, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून. ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या जागांवर एकेकदा फिरवायचा, परत पी वर आणायचा, आणि इंजिन चालू ठेवूनच तेलाची पट्टी काढायची. नुसतं चूक की बरोबर विचारू नकोस, नोंदी माग. नोंदी म्हटलं की त्यांना राहवत नाही. तू जवळ जाशील तर पदर खोचून घे, आत पंखा फिरत असतो.

मग तुझ्या फुलवातींच्या कापसातून एक वात घे, पट्टीवरचं तेल तिला लाव, वास घे आणि वात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मला पाठव. गिअरचं तेल काय सांगतं ते पांढऱ्या कापसावर छान दिसतं.

आणि एक विचारू? रागावू नकोस. रावजीआजोबांना थुंकताना तू पाहिलंस का? एक दिवस पोर्च धुऊ नकोस. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेव आणि सकाळी उजेडात बघ. मी काही म्हणत नाही, फक्त बघ.

तिळाच्या वड्या पाठव, इथे मिळतात त्यात तीळ शोधावे लागतात. तुझ्या प्रेमाची आस असलेली,

संपदा

•

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

चि. संपदा हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत वात पाठवली आहे. तीन पिशव्यांत बांधली, वड्यांना वास लागायला नको. वड्या वेगळ्या डब्यात आहेत, पायललाही दे.

काल पोर्च धुतला नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून सुतकाशिवाय असं झालं नव्हतं. साडेसहाला समोरची योगिनी धावत आली, आजी, कुणाला काही झालं का म्हणून. मी म्हटलं गाडीला झालंय. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

मग उजेड झाल्यावर गाडीखालचा पेपर ओढला. संपदा, पेपरवर लाल डाग. रावजी भाऊजी परवापासून पुतण्याकडे देवळाली कॅम्पला गेलेत, म्हणजे भिंतीवरून थुंकायला ते घरातच नव्हते. बोट लावलं, तेलकट. वास घेतला, तंबाखूचा नाही, मशीनचा. मी तिथेच पायरीवर बसले. दोन महिने मी रोज पहाटे उठून गाडीचं दुखणं पाण्याने धुऊन टाकत होते, आणि वर त्या माणसाला चारचौघांत बोलले. हिरामण आला तेव्हा फरशी कशी आरशासारखी! त्याला गळती दिसणार कुठून?

आता आजोबांचं. नोंदी हव्यात म्हटल्यावर आधी कुरकुरले. तीस वर्षं पोरांना शिकवलं की तेल बघताना इंजिन बंद पाहिजे, आणि ही कालची पोरगी मला शिकवते, असं म्हणाले. पण फूटपट्टी-पेन्सिल घेऊन तक्ता आखलाच. बंद असताना: पूर्ण. मग इंजिन चालू केलं, गरम केलं, तू लिहिलंस तसं सगळं. पट्टी काढली. पुसली. परत घातली. परत काढली. असं तीनदा. पट्टीचं टोकसुद्धा धड भिजलं नव्हतं.

तक्त्यात नीट अक्षरात लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, आमच्या वेळी वर्गात असली गाडी आलीच नव्हती, नाहीतर तीस वर्षं मी हेही चुकीचंच शिकवलं असतं. त्यांच्या हाताला तेल लागलं होतं, ते पुसून दिलं.

वातीला वास जळका नाही असं मला वाटतं. करपलेल्या फोडणीचा वास मला पाच घरांपलीकडून कळतो, तसा हा नाही. पण तू सांग. काळूचा शुक्रवार आता दोनच आठवड्यांवर आलाय. आणि रावजी भाऊजी सोमवारी परत येतील, तेव्हा मी काय तोंड दाखवू तेही सांग. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

आजी

•

होसूर
बुधवार, २२ जानेवारी २०२५

ती. सौ. आजीस शि. सा. नमस्कार.

वात मिळाली. तुझं नाक बरोबर आहे. तेल लाल-तपकिरी आहे, काळं नाही, जळका वास नाही, कापसावर धातूचा चुराही दिसत नाही. म्हणजे आतलं सगळं जळून गेलेलं नसावं. गाडी तहानलेली आहे. इंजिन बंद झालं की वर फिरणारं तेल खाली येऊन बसतं, म्हणून पट्टी भरलेली दिसते. चालू असताना तेल कामावर गेलेलं असतं, तेव्हा खाली उरतं ते खरं. आजोबांना सांग, माझ्या बरोबरीची अर्धी मुलंही इथे पहिल्या दिवशी हेच चुकतात. मीही चुकले होते.

हिरामणकाकांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे तेल नेणारी रबरी नळी आणि तिची क्लिप आधी बघायला सांग. तेल चिठ्ठीत लिहिलंय तेच, दुसरं नको, थोडं थोडं घालायचं आणि दर वेळी इंजिन चालू ठेवून बघायचं. जास्त झालं तरी बिघडतं. तोवर गाडी चालवायची नाही.

आजी, खोटी आशा लावत नाही. कमी तेलावर चढली आहे, आत किती झिजलंय ते तेल भरल्यावरच कळेल. तरीही थरथरली तर मग तिला जाऊ द्यायचं, आणि आजोबांचं आपण दुसरं काहीतरी बघू. पाठीवर लक्ष ठेव. तुझी पाठ आमच्या मशीनपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते.

रावजीआजोबांचं मी काय सांगणार? वड्या उरल्या आहेत का?

तुझीच,
संपदा

•

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

चि. संपदा हीस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

वड्या उरल्या नव्हत्या, नव्या केल्या. मंगळवारी डबा घेतला आणि त्यांच्या पुढच्या दाराने गेले. रावजी भाऊजी शब्दकोडं सोडवत होते. वर बघितलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, की डाग गाडीचे होते, माझं चुकलं, मला माफ करा. मंगलाबाई मला हाताने खुणा करत होती, मला वाटलं बस म्हणतेय. मागाहून कळलं, हळू बोल म्हणत होती. मला माझा आवाज कुठे कळतो? योगिनी म्हणाली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. बरंच झालं. बोलले होते दूधवाल्यासमोर, माफी मागितली सगळ्या गल्लीसमोर.

भाऊजींनी वडी घेतली, खाल्ली, आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, तर कोड्याच्या कडेला पेनाने लिहून दाखवलं: अजून गळते का?

बुधवारी हिरामण आला तेव्हा भाऊजी त्याच्या आधी गाडीखाली वाकले होते, चष्मा लावून, बॅटरी घेऊन. आपल्यावर आळ आणणारी जागा कोणती ते बघायचंय म्हणाले! सापडली. नळीला क्लिपपाशी बारीक चीर, वर तेलाचा ओला चकाकता पट्टा. आजोबा सगळ्यांसमोर हिरामणला म्हणाले, माझं चुकलं, मी तुला बंद इंजिनवरची नोंद दिली. हिरामणचे हात आपोआप मागे गेले. म्हणाला, सर, तुम्ही पूर्ण म्हणालात म्हणून मी पट्टी काढलीच नाही, चूक माझीही. दोघंही खाली बघत राहिले. मग भाऊजींनीच ओरडून विचारलं, नळी आणताय की उद्या आणायची? तेव्हा कुठे हलले.

नळी बदलली, तेल घातलं. चमच्या-चमच्याने औषध द्यावं तसं. घालायचं, दांडा फिरवायचा, बघायचं. आजोबांनी दर वेळी तक्त्यात लिहिलं. शेवटची ओळ: इंजिन चालू, गरम, पूर्ण. खाली हिरामणची सही घेतली.

काल आणि आज गाडीखाली पेपर घातला, कोरा निघाला. आज सकाळी आम्ही दोघं विल्होळीला गेलो. आजोबांनी काठी मागे टाकली. मी पाठ सीटला अशी टेकवली होती की मान दुखायला लागली. चढ आला. मी श्वास धरून बसले, आता थरथरेल, आता धक्का देईल. संपदा, काहीच झालं नाही. चढ संपला तरी काही नाही. आजोबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि मला उगाच रडू आलं. गाडी तरी वळवतील की नाही? घोटीपर्यंत गेले, भजी खाल्ली, मग परत. हिरामण म्हणतो डी वर टाकल्यावर अजून जरासा उशीर करते, तो वयाचा, तेवढा राहील. राहू दे. उशिरा ओ देणाऱ्यांची मला सवय आहे.

दुपारी काळू आला ठरल्याप्रमाणे, टेम्पो घेऊन. आजोबांनी त्याला सांगितलं, पंधरा वर्षांनी ये, गाडी आणि मी दोघं एकदमच घेऊन जा. मी त्याला चहा दिला, साखर पूर्ण घातली, वडी पण दिली. त्याला काही कळलं नाही, पण खूश होऊन गेला.

आता पोर्च रोज धुते, पण आधी गाडीखालचा पेपर बघते, मग पाणी टाकते. रांगोळी गाडीच्या पुढे काढते. तुझं शिक्षण तुला असंच लाभो, आणि या म्हातारीवर जीव आहे तसाच असू दे.

तुझी आजी,
अनसूया

ता. क. संध्याकाळच्या चहाला दोन्ही खुर्च्या भरल्या होत्या. मंगलाबाईसाठी मी स्टूल आणलं. रावजी भाऊजींनी इगतपुरी कधी नीट बघितलीच नाही म्हणे, म्हणून ते दोघं आमच्याबरोबर आशाकडे येणार आहेत. मागच्या सीटवर बसून आजोबांची काठी सांभाळायचं भाऊजींनी कबूल केलंय. रविवारी, दोन तारखेला, सकाळी साडेआठला येतो म्हणून सांगून गेलेत. पुढच्या दाराने.