दवबिंदूपुढे ट्रायपॉड

आंदर मावळ,
१८ ऑगस्ट २०२५

ती. निवृत्तीमामांस,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही आणि तुम्हाला फोनवर धीर नाही, म्हणून दुधाच्या गाडीवाल्या हौशीरामभाऊंच्या हाती हे पत्र देते आहे. लावणी उरकली. आईची कंबर बरी आहे.

काम असं. गावावरचा कातळसडा शनिवार-रविवारच्या तंबूवाल्यांना द्यावा, असा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येणार आहे. बाबाही त्याच बाजूचे. त्या उघड्या खडकावर आहे काय, असं ते विचारतात. मी म्हणते, दवबिंदू आहे. रुपयाएवढी लाल वनस्पती, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणारी. गेल्या वर्षी मी सभेत तिचा फोटो दाखवला, पण तो हललेला होता. सोपानकाका म्हणाले, "आगं, ही तर कुणाची तरी तंबाखूची पिचकारी हाय." सगळे हसले. बाबाही हसले.

यंदा थेंबात अडकलेल्या मुंगीचे पाय मोजता यावेत, असा फोटो हवा. ट्रायपॉड आहे, पण त्यावरचं कॅमेरा धरणारं हेड मोडलंय. तुम्ही लोणावळ्यात तीस वर्षं स्टुडिओ चालवलात. कोणतं हेड घेऊ?

मामींना नमस्कार. उत्तर एका पानात मावलं तर बरं.

तुमची,
समीक्षा


लोणावळा,
२१ ऑगस्ट

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

एका पानात मावतं ते उत्तर नव्हे, पावती असते. तरी ऐक.

बॉल हेड. दुसरा विचारही करू नकोस. एक गोळा, एक स्क्रू. सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळला की जागच्या जागी थांबतो. तीन-तीन दांड्यांची हेडं म्हणजे समिती. एक उजवीकडे ओढते, दुसरी खाली, आणि तिसरीचं मत येईपर्यंत फुलपाखरू उडून जातं. चाळीस वर्षं मी सभांमधून हेच सांगत आलो की निर्णय एका मुठीत हवा. माझं स्वतःचं बॉल हेड सोबत पाठवतो आहे. राजमाचीचे डोंगर आणि निम्म्या तालुक्याची लग्नं त्यानं पाहिली आहेत.

तुझ्या बाबांना, कैलासरावांना, माझा निरोप सांग. ज्यानं कधी गुडघे टेकले नाहीत, त्यानं खडक उघडा आहे असं म्हणू नये. माझे गुडघे गाडीरस्त्यालाच हरतात, नाहीतर सभेत येऊन बोललो असतो. भाषण मात्र लिहायला घेतलं आहे.

मामी म्हणते, पोरीला जेवायची आठवण करा. जेवत जा.

तुझा,
मामा


आंदर मावळ,
२ सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

रागावू नका. तुमचं हेड झुकतं.

चार दिवस सड्यावर पालथी पडून पाहिलं. नेम धरून स्क्रू आवळला की लेन्सचं नाक केसभर खाली येतं. दूरच्या डोंगराला ते कळतही नसेल. इथे चौकटीत एकच थेंब मावतो, त्यामुळे केसभरात थेंबच बाहेर जातो. नेम मुद्दाम वर धरून पाहिला, पण दर वेळी ते सारखं झुकत नाही. थेंब उजवीकडे आणायला स्क्रू सैल केला की वर-खालीही सगळं सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

झुंबरआजी गाई चारायला येतात. दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बैल सोडताना आमी येक धरतो, मग दुसरा सोडतो. तू दोन्ही येकदम सोडती. मग पळणारच की."

मामा, मला वाटतं आजींचं बरोबर आहे. महिना उरला आहे. काय करू?

समीक्षा


लोणावळा,
९ सप्टेंबर

चि. समीक्षास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मी संतापलो. पोरीला स्क्रू आवळता येत नाही, असं मामीला म्हणालोही. मग तुला खोटं पाडायचं म्हणून जेवणाच्या टेबलावर तांदळाचा दाणा ठेवला आणि माझं दुसरं, मोठं बॉल हेड लावलं. सात वेळा आवळलं, सातही वेळा दाणा सरकला. मामी मोजत होती, त्यामुळे आकडा बदलता येत नाही.

मी चुकलो. मी डोंगर आणि मांडव टिपले, थेंब कधी टिपला नाही. मुठीतला निर्णय दुरून ठाम दिसतो. जवळ गेलं की तो सरकलेला दिसतो.

सोबतचं हेड पुण्याच्या जुन्या मित्राकडून मागून आणलं आहे. तीन मुठी, आत दातेरी चाकं. एक फिरवलीस तर बाकीच्या दोन जागच्या हलत नाहीत, आणि हात काढला तरी कॅमेरा तिथेच राहतो. विटेएवढं जड आणि गोगलगायीएवढं सावकाश आहे. पण दवबिंदू कुठे पळून जाणार आहे? फोटो काढलास की कार्ड पाठव, मी मोठा छापून देतो. झुंबरबाईंना माझा नमस्कार सांग. मी ज्याला समिती म्हणालो, ती त्यांच्या गोठ्यात रोज चालते.

भाषणही जोडलं आहे. अकरा पानं. सभेत वाच, एक शब्दही गाळू नकोस.

तुझा,
मामा


आंदर मावळ,
४ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही छापून पाठवलेला फोटो सभेत शाळेच्या भिंतीवर लावला. कुणी हसलं नाही. सोपानकाका उठले, अगदी नाक टेकेपर्यंत जवळ गेले आणि बोटानं मुंगीचे पाय मोजू लागले. पाच म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "सहावा थेंबात हाय." मग त्यांनीच विचारलं, ह्ये कुटं हाय आपल्याकडं?

सगळी सभा सड्यावर गेली. मी एक रोप दाखवलं, मग लोकांना बाकीची आपोआप दिसू लागली. बाबा मधोमध उभे होते. त्यांनी पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना. झुंबरआजींनी हात दिला तेव्हा कुठे ते बाजूला आले. तंबू खालच्या माळावर, सड्यावर नाही, अशी दुरुस्ती त्यांनीच सुचवली. ठराव तसाच झाला.

आता एक कबुली. भाषण मी वाचलं नाही. त्या हेडच्या वजनानं ट्रायपॉडचा एक पाय खडकावर डुगडुगत होता. अकरा पानांची घडी त्याखाली बरोबर बसली. फोटोतला थेंब तुमच्या भाषणावरच उभा आहे. पानं अजून दमटच आहेत, वाळली की पाठवते.

माया पातळ होऊ देऊ नका.

समीक्षा


लोणावळा,
८ ऑक्टोबर

चि. समीक्षास आशीर्वाद.

माझ्या कुठल्याच भाषणानं आजवर कुणाला इतका वेळ एका जागी धरून ठेवलं नव्हतं. पानं परत पाठवू नकोस, पुढच्या पावसाळ्यात लागतील.

मामा