मुकुट आणि मोतीबिंदू

५ जानेवारी, मस्कत
विवाहितांच्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत परदेशस्थ गटातून निवड झाली! फायनल १७ तारखेला, पणजीत. वय ४४, फोटोत ३५. फोटो जुना नाही, उजेड चांगला होता.

विनीतला सांगितलं, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जातेय. खोटं नाही. मी येणार म्हणून आईने ते वर्षभर थांबवून ठेवलंय. बॅगेतला गाऊन बघून विनीतने विचारलं, आईला भेटायला चाललीस की आरशाला? नवऱ्यांना सगळंच सांगत बसू नये.

८ जानेवारी, मालवण
आईने दारातच चेहरा चाचपला. "लग्नात होतंस तशीच आसस गो बाय." आईची नजर पहिल्यापासून पारखी.

भावजय संचिता म्हणाली, काल आईंनी उशीला मांजर समजून हाकललं. संचिताला अतिशयोक्तीची सवय आहे.

१० जानेवारी, सकाळ
आजपासून भात बंद.

दुपार
आईने कुळथाची पिठी केली. भाताशिवाय खाल्ली असती तर तिला वाईट वाटलं असतं. उद्यापासून.

११ जानेवारी
हील्स घालून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वॉकची प्रॅक्टिस. खळं कालच सारवलेलं, टाचेगणिक एक भोक. शेजारची तुळसाकाकी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "भुयमूग पेरूक घेतलंस काय गो?"
गावात राहून माणसांची दृष्टी आखूड होते.

१२ जानेवारी
ऑपरेशनची तारीख मिळाली. १७. दुसरी मागितली, तर महिन्यानंतरची. तोवर माझी सुट्टी संपते.

आईला सांगितलं, त्या दिवशी पणजीत बँकेचं काम आहे, संचिता नेईल. आईने पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, काम आधी. समजूतदार आहे. इतका विचार करायची गरजच नव्हती.

१३ जानेवारी
आईने देवळात नेलं. गुरवाने सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं: ही लेक आवशीच्या डोळ्यांसाठी समुद्र ओलांडून इली आसा, तिचा भला कर रे म्हाराजा. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. एकटीनेच गप्प राहणं बरं दिसलं नसतं.

१७ जानेवारी, पणजी, दुपार
परदेशस्थ गटात आम्ही तिघीच. म्हणजे तिसरा नंबर घरचाच.

संध्याकाळ
परीक्षकांनी विचारलं, खरं सौंदर्य कुठे असतं? मी म्हटलं, आईच्या डोळ्यांत. टाळ्या थांबेनात. मीही डोळ्याची कड टिपली, तीही अगदी योग्य क्षणी.

खाली आल्यावर संचिताचा मेसेज पाहिला. ऑपरेशन झालं. आई सारखं विचारतायत, दीपिकाचं काम झालं का.

तिसरं बक्षीस यंदा दिलं नाही.

१८ जानेवारी, कुडाळ
पहाटेच्या गाडीने थेट दवाखान्यात. मेकअप पुसून टाकला होता. नैसर्गिकच बरं. पट्टी काढताना मुद्दाम समोर जाऊन बसले. नव्या डोळ्याने आईला पहिली मी दिसायला हवी होते.

दिसले. आई खूप वेळ बघत राहिली. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"म्हातारी झालंस गो बाय. इतके दिस माका दिसलाच नाय."

संचिता खिडकीबाहेर बघायला लागली. मी आईचा हात तसाच गालावर धरून ठेवला.

डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळा तपासला. म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालंय.