पोइयाक, शहाण्णव सालची

९ नोव्हेंबर २००८, रविवार

परत दूध करपलं! मी वर कपड्यांच्या घड्या करत होते, तिथपर्यंत वास आला. श्रीकांत किचनमध्येच पेपर वाचत बसलेला — ढिम्म! "अरे, नाक आहे की नाही?" म्हटलं. हसला नाही. एरवी वाईनच्या ग्लासात नाक घालून द्राक्षमळ्याचं गाव सांगणारा माझा नवरा!

१२ नोव्हेंबर

काहीतरी आहे. विचारलं की "काही नाही." हॉस्पिटलमध्ये कुणाशी वाजलंय? लेकीला केंब्रिजला फोन केला. देविका म्हणते, "आई, बाबा जस्ट टायर्ड आहे, स्टॉप वरीइंग." बसने हार्बोर्नच्या बाजारात गेले, काहीच न घेता परत आले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज श्रीकांतने शहाण्णवची बोर्दो वाईन उघडली! पोइयाक गावची. "दोन हजार पंधराच्या आधी हात लावायचा नाही" म्हणून जिन्याखाली जपलेली.

"कुणी येणारे का?"

"नाही. आपण दोघंच."

काचेच्या सुरईत ओतून दुपारभर हवा लागायला ठेवली. मग माझ्या हातात ग्लास दिला — "तू सांग."

मी काय सांगणार! पहिला घोट तुरट, हिरड्या आवळून धरणारा, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखा. मग हळूहळू ब्लॅककरंट. नुकत्याच टोक काढलेल्या शिसपेन्सिलीचा वास. मागून थोडं चामडं. गिळल्यावरही चव तोंडात कितीतरी वेळ राहिली.

"अजून सांग." डोळे मिटून ऐकत होता. एक घोट घेऊन त्याने आपला ग्लास तसाच ठेवलेला.

"तूच सांग ना, तुला जास्त कळतं."

"मला नुसतं तुरट लागतंय, सुलू. वासच येत नाही. उन्हाळ्यापासून."

१६ नोव्हेंबर

सर्दीमुळे असेल, म्हटलं. "हाडांचा असलो तरी डॉक्टर आहे मी," म्हणाला. परवापासून शर्टाची बटणं लावताना उजवा अंगठा ऐकत नाहीये म्हणे. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंटही घेऊन ठेवलीय. मला न सांगता! भांडले, रडले, मग कणीक मळत बसले. गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

३ डिसेंबर

पार्किन्सन्सच. सुरुवात आहे. वास बऱ्याचदा आधी जातो, असं डॉक्टर म्हणाले.

गाडीत बसल्याबसल्या त्यानेच हॉस्पिटलला फोन लावला — यापुढे ऑपरेशन्स करणार नाही. फोन ठेवला आणि हात माझ्या हातात दिला. थरथरत नव्हता.

अजून नाही.