स्टोव्हही येणार सुट्टीला

सिल्वासा, मे १९९२, शनिवार संध्याकाळ

डोकं नुसतं भणभणतंय. हे मसाटच्या कारखान्यातून आले तेच हसत. दमणचं रिसॉर्ट ठरवून आले म्हणे.

"सगळ्यांचा विचार केलाय. आईला जिना नको म्हणून तळमजला, पल्लवीला स्विमिंग पूल, मला समोरच समुद्र."

"आणि मला?"

"अगं, तुझ्यासाठीच तर ओटा असलेली खोली घेतली! आईला बाहेरचं चालत नाही ना. आपला स्टोव्ह नेऊ."

स्टोव्ह! वर्षभर शाळेत शिकवून आले की त्याच्यापुढेच उभी असते, आता सुट्टीतही तोच? सासूबाई म्हणाल्या, "समुद्राकाठी गरम भाकरी काय गोड लागेल!" थापणार कोण? पल्लवी, माझीच पोरगी, हसली, तिचा तर जास्तच राग आला.

भांडले का नाही मी? मुकाट्याने पिशवी भरली. स्टोव्ह, रॉकेलचा डबा, तवा, सगळं घेतलं. बर्नर साफ करायची पिन तेवढी देवघराच्या खणात ठेवली. आमचा स्टोव्ह रोज तुंबतो, पिन फिरवल्याशिवाय पेटतच नाही, आणि हे घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

कुणाला कसं असणार?