बकुळेसाठी एमपीथ्री

३ नोव्हें.
बकुळेने आज परत पान्हा चोरला. तांब्याभर दूध, तेही उपकार केल्यासारखं. वासरू गेल्यापासून ही बया फक्त सासूबाईंच्या आवाजाला पान्हा सोडते, आणि सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून श्रीरामपूरला नणंदेकडे. दीड महिना तिथून हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. झालेत दहा दिवस. रोज सकाळी फोन : "दिलं का गं तिनं? न्हाई? मग मी येते." वॉकर धरून गोठ्यात येणार! शेणावरून पाय घसरला की झालंच कल्याण.
जनावरांचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनची सवय लावू नका. पण कास रिकामी व्हायला हवी, नाहीतर दगडी होईल, सुजून घट्ट.

४ नोव्हें.
नणंदेने सा.बां.चं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं. गाणं कसलं, त्यांचं आपलं स्वतःचं :
'बकुळे माझे बाई गं, तुला घाई न्हाई गं, मला घाई न्हाई गं.'
दहा मिनिटं तेच. मधे खोकला, बांगड्या, दटावणी.
मोबाईल गव्हाणीवर ठेवला. बकुळेने कान टवकारले आणि धार लागली! मी रडायचीच बाकी. तेवढ्यात रिंग. कुठलीशी बाई, "मॅडम, प्लॉट बघायला येता का?" बकुळा बिथरली, बादली आडवी, मोबाईल शेणात. धुऊन पुसून चालू झाला, पण गोठ्यात पुन्हा नेणार नाही.

५ नोव्हें.
ह्यांचा छोटा स्पीकर आहे, मेमरी कार्डवाला. ब्लूटूथ कधीच मेलंय. कार्डात गाणं भरलं. बाकी सगळी गाणी वाजतात, हेच नाही. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याला एमपीथ्री लागतं." अहो, मग आधी सांगायचं ना!
फाईलच्या नावाचं शेपूट खोडून तिथे एमपीथ्री लिहिलं. केवढी हुशार मी. स्पीकर ढिम्म.

६ नोव्हें.
फाईल बदलून देणारं ॲप घेतलं. फुकट. पाच जाहिराती बघितल्या, तेव्हा कुठे एमपीथ्री निघाला. वाजलाही! पण फुकटात फक्त पहिलं एक मिनिट. एका मिनिटात धार निघते? ॲप करणाऱ्याने जन्मात गाय पाहिली नसणार.
मागचा उजवा सड कडक लागतोय. सा.बा. फोनवर, "उद्या रिक्षा करून येते बघ." दोन दिवस द्या म्हणून हातापाया पडले.

७ नोव्हें.
बाजारातलं मोबाईलचं दुकान. "ताई, बसा, एकदम क्लीन करून देतो." चहाही पाजला.
घरी येऊन लावलं. बकुळेने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. नीट ऐकलं तर खोकला गायब, बांगड्या गायब, मागे देवळात असल्यासारखा घुमारा. आणि 'हाल की गं सटवे, उभी ऱ्हा नीट' हे सगळंच्या सगळं कापलेलं. फोन केला तर म्हणतो कसा, "ताई, भक्तिगीतात शिव्या बऱ्या दिसत न्हाईत."
भक्तिगीत! कपाळ माझं.

८ नोव्हें.
परत दुकानात. म्हटलं, काही सुधारू नका, आहे तस्सं द्या, खोकल्यासकट. बिचाऱ्याला पटतच नव्हतं. काम दोन मिनिटांचं.
संध्याकाळी लावलं. स्पीकर सुरू होताना एक बाई इंग्रजीत ओरडते, म्हणून अंगणातच सुरू करून आत नेला. 'बाई गं'ला बकुळा नुसती रवंथ करत उभी. 'सटवे' आलं मात्र, पान्हा सोडला! चारही सड मोकळे, बादली भरून. मी तिथेच बसून वेड्यासारखी हसले.
लगेच फोन. "आई, दिलं! स्पीकरातल्या तुमच्या आवाजाला दिलं! आता निवांत राहा महिनाभर."
सा.बा. म्हणाल्या, "बरं झालं." मग, "मग माझं काय काम न्हाई आता तिथं."
असं काय बोलता म्हणेपर्यंत ठेवलाच फोन.

९ नोव्हें.
सकाळीही बादली भरली. सा.बां.चा फोन नाही. पहिल्यांदाच.
दुपारी नणंदेचा आला. आईने आज व्यायाम केला नाही, वॉकर भिंतीला लावून ठेवलाय. "कुठं जायचंय मला चालून," म्हणतात. जेवणही अर्धंच.
इतके दिवस येऊ नका, येऊ नका म्हणून जीव खाल्ला त्यांचा. राग येतो, त्यांचाही आणि माझाही. एवढं ओरडून सांगायची काय गरज होती?
खोटं सांगू का, बकुळा परत अडून बसली म्हणून? तर उद्या रिक्षा दारात, आणि गुडघ्याची वाट. खरं सांगितलं तर त्या खाटेवरून उठायच्या नाहीत.
पाच वाजले. बकुळा हंबरतेय. नणंदेचा नंबर लावलाय, रिंग जातेय. सा.बा.च उचलतील. काय बोलायचं ते अजून —