आप्पांचं गाळायचं फडकं

बोरगाव

चि. क्षमा बाळे,
जय जिनेंद्र.

काल तू सुरतेहून फोनवर विचारलंस, "आप्पा, हपिसात कच्च्या हिऱ्यांचा माल आलाय, पर सोबत, कुठनं आला त्याचा सरकारी दाखला न्हाय. लढाईच्या मुलखातला असणार, त्याच्या पैशातनं बंदुका घेतात. मालक म्हणतोय, पास कर, न्हाईतर घरी जा. काय करू?" मी नुसतं म्हणालो, "तुझं तू बघ." माझ्या शब्दानं तुझ्या पोटावर पाय येऊ नये म्हणून. पण राहवेना, म्हणून आज लिहायला बसलो.

आपण पाणी गाळून पितो आणि फडक्यातले जीव विहिरीत परत सोडतो. लहानपणी तू म्हणायचीस, "आप्पा, जीव दिसत न्हाईत की हो!" मी म्हणायचो, "म्हणूनच गाळायचं गं."

एवढं लिहितोय तोवर तुझा फोन घेऊन तुझी आई ओरडतच आली, "मामंजी, पोरीनं माल परत धाडला! नोकरी गेली! आणि तुम्ही हसताय काय?"

"हसू नको तर काय करू? तुझी लेक हिरं बी गाळून घ्याय लागली की गं!"

आता हे पत्र टपालात टाकत नाही, तू आलीस की हातात देईन. मी सांगायच्या आधीच तू करून मोकळी झालीस. फोनवर एवढंच सांगतो, ताठ मानेनं घरी ये. विहिरीवरचं फडकं आजपासून तुझ्या हातात.

तुझा,
बाबगोंडा आप्पा